वाटेवरचे पाणी : नाणेघाटच्या पोढ्यांपासून चवदार तळ्यापर्यंत

जुन्नरच्या परिसरातील बौद्ध लेण्यांत एक लहानसा ब्राह्मी शिलालेख आहे. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या धर्मदान म्हणून दिल्याची नोंद त्यात आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. यवन हा शब्द त्या काळी पश्चिमेकडून आलेल्या परकीयांसाठी, विशेषतः ग्रीक मुलखाशी संबंध असलेल्या लोकांसाठी वापरला जाई. इरिल काय व्यवसाय करीत होता, त्याच्या घरी कोणती भाषा बोलली जात होती, हे लेख सांगत नाही. परमुलखातील या माणसाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या कुशीत पाण्याचे दान दिले आणि आपले नाव त्या दानासोबत कोरून ठेवले, एवढेच त्यातून कळते.

ओंगारमध्ये आणि डब्लिनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा इरिल जवळचा वाटावा. आपणही दुसऱ्या देशात घर मांडले आहे, आणि मायभूमीतील एखाद्या चांगल्या कामाला हातभार लावावा अशी इच्छा आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असते. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जुन्या वाटांवरील टाकी, दगडी विहिरी आणि बारवा वाचविण्याचे काम अनेक तरुणांनी व गावकऱ्यांनी हाती घेतले आहे. त्या कामासाठी मदतीचे आवाहन आपल्यापर्यंतही पोहोचते. मदत अवश्य करावी. परंतु आंबेडकरी माणूस विहिरीकडे पाहतो तेव्हा त्याला केवळ सुबक घडीव दगड दिसत नाहीत. या पाण्यावर हक्क कोणाचा होता, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतोच. विहिरीचे जतन आणि या प्रश्नाचे जतन ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे या लेखात मांडावयाचे आहे.

माणसांसाठी आणि जनावरांसाठी

वाटेवर पाण्याची सोय करणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे, असे भारतात दगडावर लिहून ठेवणारा पहिला ज्ञात राजा म्हणजे सम्राट अशोक. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील त्याच्या दुसऱ्या शिलालेखात औषधी वनस्पतींच्या लागवडीबरोबरच वाटांवर विहिरी खणविल्याचा व झाडे लावविल्याचा उल्लेख येतो. सातव्या स्तंभलेखात तो अधिक तपशील देतो : सावलीसाठी वड, आंब्याच्या राया, ठरावीक कोसांवर विहिरी, विसाव्याच्या जागा आणि ठिकठिकाणी पाणपोया. हे अंतर आठ कोसांचे की अर्ध्या कोसाचे, यावर पंडितांत मतभेद आहेत. या सोयी कोणासाठी, याबद्दल मात्र अशोकाचे शब्द निःसंदिग्ध आहेत. त्या माणसांसाठी आणि जनावरांसाठी आहेत. कोणत्या माणसांसाठी, असा पोटभेद त्यात नाही.

या विचारामागे धम्माची शिकवण आहे. संयुत्तनिकायातील वनरोप सुत्तात तथागत सांगतात की, जे बागा व वने लावतात, पूल बांधतात, पाणपोई आणि विहीर देतात, निवारा देतात, त्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढत राहते. तेथे पाणपोईसाठी 'पपा' हा पाली शब्द आला आहे. संस्कृतातील 'प्रपा' आणि आपल्या बोलण्यातील 'पोई' ही त्याच शब्दाची भावंडे. आजही उन्हाळ्यात महाराष्ट्रातील एखाद्या बसस्थानकाबाहेर रांजण भरून ठेवलेले दिसतात, तेव्हा आपण नकळत तोच जुना शब्द उच्चारीत असतो.

भिक्खू आनंद आणि प्रकृती यांची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. तहानलेला आनंद विहिरीवरील चांडाळ कन्येकडे पाणी मागतो. ती आपली जात सांगून संकोचते. त्यावर त्याने जात विचारलेली नसते, केवळ पाणी मागितलेले असते. दिव्यावदानातील शार्दूलकर्णावदानात ही कथा येते, आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात प्रकृतीच्या धम्मदीक्षेला स्थान दिले आहे. वाटसरू, विहीर आणि जात यांचा प्रश्न आपल्या परंपरेत किती जुना आहे, हे त्यावरून लक्षात यावे.

बैलांच्या वाटेवरील पोढ्या

अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडे आजच्या नालासोपाऱ्यात सापडले. सोपारा हे प्राचीन बंदर होते. सोपारा आणि कल्याण येथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून सह्याद्री चढून जुन्नर, पैठण, तेरकडे जात असे. कल्याणकडून जुन्नरला जाणारी वाट नाणेघाटातून चढते. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत असत, असे परंपरा सांगते.

नाणेघाटातील मोठ्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. तो वैदिक यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, गावे यांची यादी देतो. त्या गुहेला बौद्ध लेणे म्हणणे योग्य नव्हे. पण त्याच घाटात वाटसरूंना उपयोगी पडणाऱ्या अनेक पोढ्या आहेत, आणि त्यांतील काहींचे दाते वेगळे आहेत. सोपाऱ्याच्या गोविंददासाने येथे पोढी दिली. कामवनच्या दामघोष नावाच्या गृहस्थाने वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णी याच्या तेराव्या राज्यवर्षात पोढी दिली. राणीच्या लेखात राजघराण्याचे वैभव आहे, तर या छोट्या लेखांत वाटेवरच्या माणसाची गरज ओळखलेली दिसते.

कान्हेरीच्या लेण्यांत ही दानपरंपरा अधिक स्पष्ट दिसते. कल्याणचा सोनार सामिदत याने तेथे पाण्याची पोढी दिली. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. सोनार पाणी देतो, लोहार रस्ता देतो, आणि दोघेही आपला व्यवसाय लपवीत नाहीत. व्यवसाय हीच त्यांची ओळख असून ती ओळख संघाला दान देण्याच्या आड येत नाही. जातीवरून माणसाचे पाणी विटाळते असे मानणारा समाज पुढे याच भूमीवर उभा राहिला, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

पोढीची रचना साधी पण विचारपूर्वक केलेली असे. सह्याद्रीचा कातळ घट्ट असल्याने पाणी झिरपून जात नाही. डोंगरउतारावर खोदलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी टाक्यात येते. तोंड लहान आणि पोट मोठे ठेवल्याने उन्हाने पाणी आटणे कमी होते आणि पालापाचोळाही कमी पडतो. कान्हेरीत जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी असे टाके आढळते. चार महिन्यांच्या पावसावर वर्षभर राहणाऱ्या भिक्खूंची व प्रवाशांची सोय त्यातून होत असे.

बारवा, तांडे आणि घडविणारे हात

नंतरच्या शतकांत दख्खनच्या पठारावर पायऱ्यांच्या विहिरी बांधल्या गेल्या. त्यांना आपण बारव म्हणतो. घडीव काळ्या दगडाचे थर एकमेकांवर इतके नेमके बसविलेले असतात की अनेक ठिकाणी चुनाही लागलेला नाही. मराठवाड्यात अशा बारवांची संख्या मोठी आहे. परभणी जिल्ह्यातील वालूर येथील बारवेच्या पायऱ्या चक्राकार उतरतात. साताऱ्याजवळ लिंब येथे वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधविलेली बारा मोटेची विहीर प्रसिद्ध आहे.

या पठारावरून लमाण-बंजाऱ्यांचे तांडे धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैल चालत. एका तांड्यात हजारो बैल असत. एवढ्या जनावरांना रोज पाणी लागे, आणि म्हणून तांड्याचा मार्ग व मुक्काम पाण्याच्या अंतरावरून ठरे. विहिरीच्या काठाशी दगडी डोणी असत. मोटेने उपसलेले पाणी थारोळ्यातून डोणीत पडे आणि जनावरे पीत. रेल्वे आली, तांड्यांचा व्यापार मोडला, आणि ब्रिटिश सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अनेक भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. वाटा ओस पडल्या, तशा वाटेवरच्या विहिरीही दुर्लक्षित झाल्या.

बारवेवर शिलालेख असेल तर त्यात राजाचे, सरदाराचे किंवा दानशूर स्त्रीचे नाव सापडते. दगड फोडणारे वडार, तो घडविणारे पाथरवट, माती उपसणारे बेलदार यांची नावे सहसा सापडत नाहीत. प्राचीन लेण्यांत लोहाराचे नाव दगडावर आले. नंतरच्या काळात ते नाहीसे झाले, हा फरक इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविण्याजोगा आहे.

मसूर ते गोरेगाव

लिंबची विहीर ज्या सातारा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात १९०१ च्या सुमारास एका लहान मुलाला वाटेवर पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग सांगितला आहे. अस्पृश्यता म्हणजे काय, हे परदेशी वाचकाला कळावे यासाठी त्यांनी आपल्या व इतरांच्या अनुभवांची ही मांडणी केली.

वडील रामजी तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे नोकरीला होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची दोन मुले वडिलांना भेटण्यासाठी रेल्वेने मसूर स्थानकावर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच गाडीवाले मिळेनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर बैलगाडी मिळाली. जवळ शिदोरी होती, पण पाणी नव्हते. वाटेत आढळलेले पाणी चिखलाने व जनावरांच्या शेणमुताने पिण्याच्या लायकीचे राहिले नव्हते. मध्यरात्रीच्या सुमारास जकात नाक्यावर मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागितले, तरीही ते मिळाले नाही. मुले उपाशी झोपली.

या प्रसंगातील विसंगती मनाला चटका लावते. वडील तलावाच्या कामावर हिशेब पाहत होते आणि मुलगा त्याच मुलखात तहानलेला होता. रस्ता होता, नाका होता, बैल होते. अशोकाने ज्या सोयी माणसांसाठी आणि जनावरांसाठी केल्या होत्या, त्यांतील जनावरांचा वाटा शिल्लक राहिला होता आणि माणसांचा वाटा जातीने वाटून घेतला होता.

पाणी खुले करण्याचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. महात्मा फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, अशी शिफारस त्यात होती. विहीर आणि धर्मशाळा म्हणजे प्रवासाची दोन मुख्य साधने. ठरावाचा अर्थ असा होता की हा रस्ता सर्वांचा आहे.

महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. महाड हे सावित्रीकाठचे जुने व्यापारी गाव. कोकणातील बंदरांकडून आलेली वाट येथून घाटाकडे जाते. गावाजवळच गंधारपाले येथील डोंगरात बौद्ध लेणी आहेत आणि त्या लेण्यांतही पाण्याची टाकी खोदलेली आहेत. त्या डोंगराच्या परिसरात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे शांतपणे चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. परतताना त्यांच्यावर हल्ले झाले. नंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची शुद्धी केली. ज्या तळ्यावर गुरे पाणी पीत होती, ते माणसांच्या स्पर्शाने विटाळले होते.

पुढे डिसेंबर १९२७ मध्ये मनाई हुकूम आला, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि न्यायालयीन लढा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना वगळण्याची अनादि काळापासूनची रूढी आहे, असा विरोधकांचा दावा होता. तो त्यांना सिद्ध करता आला नाही. पाणवठा कोणी बांधला, त्याची मालकी कोणाची, तेथे कोण पाणी भरीत होते, या तपशिलांना किती महत्त्व असते, ते या खटल्याने दाखवून दिले. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा उल्लेख एकत्र येतो. तो वाचताना मसूरची बैलगाडी आणि महाडचे तळे दोन्ही आठवतात.

आयर्लंडकडून शिकण्यासारखे

आपण ज्या देशात राहतो तेथेही रस्ता, जनावर आणि विहीर यांचे नाते जुने आहे. आयरिश भाषेत रस्त्याला 'बोहर' म्हणतात. त्यातील 'बो' म्हणजे गाय. आपल्या 'गो' शब्दाचे आणि या 'बो'चे मूळ एकच. इ. स. ९०० च्या सुमाराच्या कॉर्मकच्या शब्दकोशात बोहरची रुंदी सांगितली आहे : एक गाय उभी आणि एक आडवी मावेल इतकी. मीथकडील गुरे नवन रोडने डब्लिनच्या गुरांच्या बाजारात येत आणि तेथून नॉर्थ सर्क्युलर रोडवरून गोदीकडे हाकली जात. हा बाजार १८६३ मध्ये सुरू झाला आणि १९७३ मध्ये बंद पडला. आपल्यापैकी कितीजण त्याच रस्त्याने रोज कामावर जातात! ओंगारपासून जवळच, मलहडर्टमध्ये, रस्त्याच्या कडेला दगडी छताखाली जपलेली लेडीज वेल ही विहीर आहे. अशा सुमारे तीन हजार पवित्र विहिरी आयर्लंडमध्ये असल्याचे मानले जाते.

या विहिरींच्या आठवणी कशा टिकल्या, हे पाहण्यासारखे आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील मुलांना एक काम दिले. आजीआजोबांना, शेजारच्या वृद्धांना विचारून गावातील आठवणी वहीत उतरवाव्यात, असे ते काम होते. विषयांच्या यादीत विहिरीही होत्या. पन्नास हजारांहून अधिक मुलांनी लिहिलेला तो संग्रह आज युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या लोकसाहित्य संग्रहात आहे आणि कोणालाही इंटरनेटवर वाचता येतो. ज्या वर्षी मुंबईत चवदार तळ्याचा निकाल लागला, त्याच वर्षी येथील मुले आपल्या विहिरींविषयी लिहू लागली होती.

आपण काय करावे

जुन्या विहिरीचे जतन करताना काही तांत्रिक पथ्ये पाळावी लागतात. गाळ थराथराने आणि लक्षपूर्वक काढावा लागतो, कारण त्यात मूर्तींचे व शिलालेखांचे तुकडे सापडू शकतात. दगडांच्या सांध्यांत वाढलेली पिंपळ-उंबराची मुळे ओढून काढल्यास भिंत ढासळते. आतून सिमेंटचा गिलावा केल्यास झऱ्यांची वाट बंद होते आणि विहीर कोरडी पडते. कान्हेरी, जुन्नर यांसारखी लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आहेत. पण खेड्यापाड्यांतील असंख्य बारवा कोणत्याही संरक्षित यादीत नाहीत. रस्तारुंदीत त्या बुजविल्या जातात किंवा कचऱ्याने भरतात. वालूरसारख्या गावांतील श्रमदानाचे महत्त्व म्हणूनच मोठे आहे.

मात्र गाळ निघाल्यावर विहिरीशेजारी जो फलक लागतो, त्याकडे आपण लक्ष दिले पाहिजे. त्यावर बांधणाऱ्याचे नाव आणि बांधकामाचे वर्ष असते. या विहिरीवर कोणाला येऊ दिले जात नव्हते, हे त्यावर लिहिलेले क्वचितच असते. आपण देणगी देणार असू तर विनयपूर्वक पण ठामपणे तेवढे सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. सुंदर पायऱ्यांचे कौतुक करावे, आणि त्या पायऱ्या कोणासाठी बंद होत्या हेही लिहावे. असा फलक वाचणाऱ्या गावकऱ्याच्या मनात कटुता वाढेल, असे मानण्याचे कारण नाही. खरा इतिहास सांगितल्याने आजचा समंजस माणूस दुखावत नाही.

दुसरे काम आपल्या घरातले आहे, आणि ते तातडीचे आहे. ज्यांना पाणवठ्यावर दूर उभे राहावे लागले, ज्यांच्या घागरीत कोणीतरी वरून पाणी ओतले, ज्यांनी वस्तीची वेगळी विहीर खणली, ती पिढी आता फार वृद्ध झाली आहे. त्यांच्या आठवणी कोणत्याही शिलालेखात नाहीत. यंदा सुट्टीत गावी जाणाऱ्या मुलांनी एक वही सोबत न्यावी. आजीला विचारावे : आपले पाणी कोठून येई? वेशीजवळची विहीर कोणाची होती? तुला तेथे जाता येई का? वस्तीची विहीर कोणी खणली, त्यांची नावे काय? दगड कोठून आणले? आपण पहिल्यांदा गावच्या विहिरीवर पाणी भरले तो दिवस तुला आठवतो का? उत्तरे आजीच्याच शब्दांत उतरवावीत, विहिरीचे छायाचित्र काढावे, जागा नोंदवावी. लिहिणाऱ्याचे आणि सांगणाऱ्याचे नाव वहीच्या शेवटी घालावे. आयर्लंडच्या मुलांनी नव्वद वर्षांपूर्वी जे केले, ते आपल्या मुलांना अशक्य नाही, आणि आपल्या मंडळाच्या एखाद्या संमेलनात या वह्या एकत्र वाचता येतील.

आपल्या दानासोबत या वह्याही मायभूमीकडे परत जाव्यात. पोढ्या देणाऱ्या इरिलाचे नाव दोन हजार वर्षे टिकले, कारण कोणीतरी ते कोरले होते. आपल्या आजींची नावे टिकवायची असतील तर ती लिहून ठेवण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.

नमो बुद्धाय! जय भीम!